बिघाड नाही, तरी तपासली

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सगळी इमारत एक्स्चेंजबाई म्हणते. टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन तीस वर्षं होत आली, त्या जागेत आता गाड्यांचे टायर विकतात, पण नाव काही सुटलं नाही. बाईंचीही त्याबद्दल तक्रार नाही. पंचवीस वर्षं कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसलेल्या बाईला लोक दुसरं म्हणणार तरी काय? आवाजही तसाच राहिला आहे, खालच्या पट्टीतला, शब्दन् शब्द सुटा. पाववाल्याला "दोन द्या" म्हणतानासुद्धा त्या असं म्हणतात, की चारशे मैलांवरच्या माणसालाही नीट ऐकू जावं.

एक्स्चेंजने त्यांना दोन सवयी लावल्या. पहिली तीन मिनिटांची. तेव्हा परगावचा कॉल तीन मिनिटांचा असे. वेळ भरली की ऑपरेटरने मधे शिरून सांगायचं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचा का?" पलीकडे कुणी रडत असो की भांडत असो, सांगायचं म्हणजे सांगायचं. बाईंच्या दोन्ही मुलांचं लहानपण या वाक्याखाली गेलं. मुलगा अंघोळीला शिरला की दाराबाहेरून "तीन मिनिटं झाली," आणि आतून पाण्याच्या आवाजात उत्तर, "वाढवा!"

दुसरी सवय बिघाडाच्या वहीची. बोर्डावर काहीही वेगळं घडलं, की तारीख, वेळ, लाइनचा नंबर आणि जे ऐकलं ते, एवढं वहीत लिहायचं. त्यांच्यावरच्या अधिकारी, ज्यांना सगळ्या मुली मोठ्या बाई म्हणत, त्या पहिल्याच दिवशी सांगत, "काय झालं ते लिहा. का झालं ते लिहू नका. का, ते लाइनमन बघेल." वहीत खोटा बिघाड लिहिणाऱ्या मुलीला मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसू देत नसत. उशिरा आलेलं चालत असे, रडत आलेलंही चालत असे. खोटी नोंद चालत नसे.

लाइनमन बघेल, असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. लाइनमनने बघितलंही. एक उंच, सावळा, थोडा वाकून चालणारा लाइनमन दर आठवड्याला खांबावर चढे आणि तिथून आपला फोन तारेला जोडून म्हणे, "हॅलो एक्स्चेंज, सत्तावीस नंबर. लाइन तपासतोय." सत्तावीस नंबर एका लाकडाच्या वखारीचा होता. वखारवाल्याने जन्मात कधी तक्रार केलेली नव्हती. पण खोटं लिहायचं नाही हा नियम, म्हणून बाई वहीत जे खरं ते लिहीत: "सत्तावीस. बिघाड नाही, तरी तपासली." वर्षअखेरीला मोठ्या बाईंनी वही चाळली आणि चष्म्यावरून बघून विचारलं, "या सत्तावीसला एवढं झालंय तरी काय?"

"काही नाही, बाई."

"तेच तर लिहिलंय एक्केचाळीस वेळा. लग्न कधी आहे?"

लग्न त्याच वर्षी झालं. लाइनमनला जाऊन आता सहा वर्षं झाली आहेत.

बाई तेव्हापासून एकट्या राहतात. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, खिडकीतून समोर दिसणारा बसचा शेवटचा थांबा. गाडी तिथे रिकामी होते, ड्रायव्हर पाय मोकळे करतो, आणि गाडी पुन्हा रिकामीच निघते. मुलगा एका गावाला, लेक दुसऱ्या. त्या दोघांसाठी घरात कॉम्प्युटर आला. रविवारी सकाळी दहा वाजता पडद्यावर दोन चौकोन उघडतात, एकात मुलगा, दुसऱ्यात लेक आणि जावई. बाकीचे सहा दिवस बाई त्यावर वर्तमानपत्र वाचतात, एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडतात, आणि एका जुन्या मैत्रिणीला पत्र लिहितात. ती हल्ली उत्तर देत नाही.

मुलगा मागे आला तेव्हा त्याने कॉम्प्युटरवर पहारा बसवून दिला. कोपऱ्यात हिरवी ढाल दिसायची. "काही घाण आत शिरली तर ही ओरडेल आई, आणि मला फोनवर निरोपही येईल," असं सांगून तो गेला. पुढे महिन्याभराने जावई कामानिमित्त दोन दिवस राहून गेले. म्हाताऱ्या माणसांना कसं फसवतात याची बातमी त्यांनी नुकतीच वाचली होती. त्यांनी हिरव्या ढालीकडे न बघता आपल्या माहितीतला दुसरा पहारा बसवला, लाल कुलपाचा. "आई, आता निर्धास्त राहा. काही झालं तर निरोप थेट आमच्याकडे येतो." मुलाने जावयांना सांगितलं नव्हतं, जावयांनी मुलाला विचारलं नाही. बाईंना वाटलं, असतील दोन्ही लागत.

जावई गेल्यानंतरच्या सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कॉम्प्युटर किंचाळला. पडदाभर लाल चौकट: धोका आढळला. बाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. दहा मिनिटांनी दुसरी चौकट, हिरव्या काठाची: धोका आढळला. आणि लगेच फोन.

"आई, कुठे क्लिक केलंस?" मुलगा ऑफिसातून बोलत होता.

"कुठेच नाही. मी चहा पीत होते."

"आई, खरं सांग."

"तुला मी खोटं कधी सांगितलं?"

"तसं नाही गं. विसरली असशील."

तो फोन ठेवला तोच लेकीचा आला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकटी, पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. बाईंनी कपाटातून कोरी वही काढली, पट्टीने पाच रकाने आखले, आणि लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, कोण ओरडलं, काय म्हणालं. चौकटीत खाली इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक ओळ असायची, तिरप्या रेघांनी तोडलेली. तिचा अर्थ बाईंना लागत नव्हता, पण ऐकलं ते लिहायचं हा नियम, म्हणून ती ओळही त्या अक्षर न् अक्षर उतरवून घेत. शेवटच्या रकान्यात, कुणी सांगितलं नसताना, त्यांनी आणखी एक गोष्ट लिहायला घेतली: कुणाचा फोन आला, किती वेळ.

दुसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने निकाल दिला. "आजी, तुम्ही कुठेतरी बोट लावलं असणार. लॉटरी लागली, बक्षीस मिळालं, असलं काहीतरी."

"मला नातवंडं आहेत, त्यांत तुम्ही नाही. बाई म्हणा."

"बरं, बाई. सगळं पुसून टाकतो आणि नव्याने भरतो. दोन तासांचं काम."

"आधी काय बिघडलंय ते सांगा."

"ते कशाला शोधायचं? पुसलं की सगळं जातंच ना."

"दाढ दुखते म्हणून डोकं कापण्यातला प्रकार झाला हा," बाई म्हणाल्या आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तोवर फोनांचा सूर बदलला होता. मुलगा आता रागावत नसे, आणि ते बाईंना जास्त झोंबे. तो हळू, समजुतीने बोले, जसं आजाऱ्याशी बोलावं तसं. लेकीचं तर निराळंच. एकदा गोड आवाजात तिने विचारलं, "आई, काल दुपारी काय जेवलीस गं?"

"बटाटे, आणि परवाची आमटी. आणि तू माझी परीक्षा घेते आहेस हे मला कळतंय."

"आई! सहज विचारलं."

"सहज विचारायचं असतं तर आज काय जेवलीस असं विचारलं असतंस. काल काय जेवलीस हे डॉक्टर विचारतात."

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मुलाने सांगून टाकलं. "आई, रविवारी सगळे मिळून बोलूच. पण मी ठरवलंय. तो कॉम्प्युटर बंद करू. आणि पुढच्या महिन्यात तू इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे."

"किती दिवस?"

"बघू."

बघू म्हणजे कायमचं, हे कळायला बाईंना वहीची गरज नव्हती. मागची खोली त्यांनी पाहिली होती. खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे कपडे धुण्याचं यंत्र. सून चांगली होती, मुलगा चांगला होता. पण त्या खोलीत जाणारी बाई ही 'आता तिला एकटीला जमत नाही' अशी बाई असणार होती, आणि एकदा ती झाली की मग परत फिरणं नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली होती. खरंच बोट लागत असेल का? लागतं आणि आपण विसरतो, असं तर नाही?

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी कॉम्प्युटर लावला. खुर्ची दोन हात मागे घेतली, दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले आणि बसून राहिल्या. समोर बस आली, रिकामी झाली, गेली. घड्याळाचा काटा विसावर आला आणि लाल चौकट किंचाळली. बाई जागच्या हलल्या नाहीत. दहा मिनिटांनी हिरवी. त्यांनी हातांकडे पाहिलं. हात मांडीवरच होते. तेव्हा उठून त्यांनी वहीत लिहिलं: "अकरा वीस. हात मांडीवर."

मग वही घेऊन त्या जेवायच्या टेबलाशी बसल्या. सतरा दिवसांच्या नोंदी. एकाही दिवशी वेळ चुकली नव्हती. आधी लाल ओरडे, दहा मिनिटांनी हिरवी. ज्या दोन दिवशी त्या बाजारात गेल्यामुळे कॉम्प्युटर बंद होता, त्या दिवशी काहीच नाही. मग त्यांनी त्या लांबलचक ओळी एकीखाली एक वाचल्या, आणि प्रथमच त्यांच्या लक्षात आलं की लाल कुलपाने पकडलेल्या प्रत्येक ओळीत मधेच कुठेतरी हिरव्या ढालीचं नाव आहे. आणि हिरवीने पकडलेल्या प्रत्येक ओळीत लाल कुलपाचं.

बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई! दोन दोऱ्या."

एक्स्चेंजमधली गोष्ट होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा त्यांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली होती, की एका लाइनवर कुणीतरी चोरून ऐकतंय, श्वास ऐकू येतो. त्याच मिनिटाला चार खुर्च्या सोडून बसलेल्या मुलीनेही हात वर केला: बाई, या लाइनवर कुणीतरी चोरून ऐकतंय. मोठ्या बाई बोर्डापुढून चालत गेल्या, एकाच लाइनमध्ये दोघींनी दोन ठिकाणांहून खुपसलेल्या, कॉल जोडायच्या दोऱ्या त्यांनी पाहिल्या, आणि एक उपटली. चोर नव्हताच. दोन पहारेकरणी एकमेकींचा श्वास ऐकत होत्या.

शनिवारी त्यांनी लाइनमन करायचा तसं केलं. तो म्हणायचा, शंका असेल ती तार सोडवून बघावी. सव्वाअकराला त्यांनी इंटरनेटची तार काढून ठेवली. अकरा वीस झाले, साडेअकरा झाले. शांतता. अकरा चाळीसला तार परत जोडली. दोन मिनिटांत लाल चौकट. म्हणजे बाहेरून काहीतरी येत होतं, आणि ते हिरव्या ढालीसाठी येत होतं. ते काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. का, ते लाइनमन बघेल.

रविवारी दहा वाजता दोन चौकोन उघडले. मुलाने घसा साफ केला. "आई, मी काय म्हणत होतो..."

"आधी मी. वही वाचते. मधे बोलू नका." आणि बाईंनी वाचलं, त्याच जुन्या आवाजात, तारीख, वेळ, लाल, हिरवी. शुक्रवारचं "हात मांडीवर" वाचताना लेकीने खाली पाहिलं. बाईंनी एक लाल ओळ आणि एक हिरवी ओळ अक्षर न् अक्षर वाचून दाखवली, आणि वही मिटली. "आता सांगा, माझ्या कॉम्प्युटरवर किती जणांनी पहारा बसवलाय?"

मुलगा म्हणाला, "मी एक बसवलाय. पण एकच!"

"आम्हीही एकच," जावई म्हणाले.

"एका म्यानात दोन तलवारी," लेक हळूच म्हणाली.

"अरे देवा," मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला. "माझी ढाल रोज नव्या व्हायरसांच्या खुणा मागवते. चोरांचे फोटो म्हणा. ते उघडले की तुमच्या कुलपाला वाटतं चोरच आले. ते पकडून कोठडीत टाकतं, आणि कोठडीत चोर दिसले म्हणून माझी ढाल ओरडते!"

"म्हणजे चोर?" बाईंनी विचारलं.

"चोर कुणीच नाही, आई."

"मग विसरलं कोण?"

मुलगा म्हणाला, "आई, चुकलंच. आम्ही उगाच..."

"राहू दे. मागच्या खोलीत काय ठेवायचं असेल ते ठेव."

आता कुणाची दोरी उपटायची यावर दोघांत थोडं ताणलं गेलं. मुलाचं म्हणणं त्याची ढाल जुनी, जावयांचं म्हणणं त्यांचं कुलूप चांगलं. बाईंनी एक्स्चेंजचा नियम सांगितला: जी दोरी नंतर लागली ती काढायची. जावयांचा चेहरा जरा उतरला, पण ते म्हणाले, "ठीक आहे आई, मी इथूनच काढतो. तुम्ही हात लावू नका." पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. इकडे गेला, तिकडे गेला, थांबला, पुन्हा चालू लागला. कुणीतरी घरात येऊन आवराआवर करत असावं तसं बाई बघत राहिल्या. मग कोपऱ्यातलं लाल कुलूप दिसेनासं झालं आणि बाण थांबला.

"झालं, आई. आता काही वाजणार नाही."

सोमवारी अकरा वीसला काही वाजलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी बाईंनी सव्वाअकराला चहा केला, कप टेबलावर ठेवला आणि घड्याळाकडे पाहत बसल्या. अकरा वीस. अकरा तीस. चौकट आली नाही, आणि फोनही नाही. बस आली, रिकामी झाली, गेली. त्यांनी वहीत लिहिलं, "बिघाड नाही," आणि शेवटच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना.

तो रकाना त्यांनी खालून वर मोजत नेला. गेल्या तीन आठवड्यांत मुलाचे चौदा फोन, लेकीचे अकरा. त्याआधी रविवारचे चौकोन सोडले तर महिन्याला एखादा. रागावलेले, समजुतीचे, परीक्षा घेणारे, कसले का असेनात, पंचवीस फोन होते.

पुढच्या रविवारी लेकीचा निरोप आला, की आज घरी पाहुणे आहेत. मुलगा दोन मिनिटं दिसला. "सगळं ठीक ना आई? आता मला काळजीच नाही बघ." आणि त्याचा चौकोन मिटला.

लाल कुलूप कुठून आणायचं ते बाईंना आता ठाऊक होतं. जावयांनी ते ज्या फायलीतून बसवलं होतं ती अजून कॉम्प्युटरमध्येच पडलेली होती. बाण फिरताना त्यांनी पाहिली होती. दोनदा दाबलं की झालं असतं. अकरा वीसला चौकट, साडेअकराला फोन. सोमवारी सकाळी त्या फाईल उघडून बराच वेळ बसल्या. मग त्यांनी ती उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि टोपली रिकामी केली. खोटा बिघाड लिहायचा नाही. लिहिला असता तर मागच्या खोलीचं दार परत उघडलं असतं, ते वेगळंच.

नंतर त्यांनी वही पुढे ओढली. नेहमीसारखं "बिघाड नाही" असं लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. पुढचे दोन शब्द इतके ओळखीचे होते, की हात ते आपोआप लिहायला निघाला होता. बिघाड नाही, तरी तपासली. एक्केचाळीस वेळा लिहिलेलं. आणि त्यातलं एकदाही खोटं नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मुलाला फोन लावला. तिसऱ्या घंटेला त्याने उचलला. "आई? काय झालं? काही वाजलं का?"

"काही नाही झालं. लाइन तपासतेय."

"काय?"

"लाइन. चालू आहे का बघत होते."

"चालू आहे ना." तो गोंधळून हसला. सत्तावीस नंबरची गोष्ट त्याला कुणी कधी सांगितली नव्हती. त्याचे वडील असल्या गोष्टी सांगणाऱ्यांतले नव्हते. "बोल ना, आई."

बाई बोलल्या. बसच्या थांब्याला नवीन छप्पर केलंय. पाववाला गावाला गेलाय, त्याचा भाऊ येतो, तो सुट्टे पैसे मोजत बसतो. मुलानेही सांगितलं, गुडघा दुखतो, सुनेची बढती झाली. हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, तो "आलो" म्हणाला, तरी बोलत राहिला. बाईंची नजर घड्याळावर होती. ती सवय जायची नाही.

"तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या.

बाईंनी फोन कानाला घट्ट धरला.

"हो हो, ठेवतो आई," मुलगा म्हणाला. "बरं झालं आठवण करून दिलीस, माझी मीटिंग आहे."

"ठेव," बाई म्हणाल्या.

त्यांनी वही पुढे घेतली. तारीख. अकरा चाळीस. मुलगा. आवाज स्पष्ट, मागे ऑफिसातली बोलणी, गुडघा दुखतो. तीन मिनिटं. बिघाड नाही, तरी तपासली.

अक्षर वाळेपर्यंत त्या थांबल्या. मग खालच्या ओळीत "लेक" असं लिहून त्यांनी पुन्हा फोन उचलला.